बॅनर उतरवायचा कोणी?

सोलापुरात दिवाळीच्या शुभेच्छा संक्रांतीपर्यंत पुरतात. जानेवारीत पार्क चौकातून सात रस्त्याकडे जाताना मान वर केली की पटतं. फ्लेक्सवरचा आकाशकंदील उन्हानं पांढरा पडलेला, एक कोपरा दोरीतून सुटून फडफडतोय, आणि त्याच बांबूंवर, त्याच्या अर्ध्या अंगावर, गड्डा यात्रेसाठी येणाऱ्या भाविकांचं सहर्ष स्वागत. आमच्याकडे अशा फ्लेक्सला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचं डिजिटल, निवडीचं डिजिटल, श्रद्धांजलीचं डिजिटल. लावायला रात्री दोन पोरं, एक शिडी आणि एक छोटा हत्ती लागतो. उतरवायला काहीच लागत नाही, कारण उतरवायचं कुणी ठरवलेलंच नसतं. महापालिकेचं पथक आलं तर आलं, नाहीतर वळवाचा वारा आहेच.

मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. विनापरवाना फलकांवरून उच्च न्यायालयानं महापालिकांचे कानही अनेकदा उपटलेत. ते सगळं वर्तमानपत्रात येतं आणि त्या वर्तमानपत्राच्या स्टॉलवरच नवीन डिजिटल बांधलं जातं. पण मला रस्त्याबद्दल फार बोलायचं नाही. माझा धंदा वेबसाइट करून देण्याचा. टॉवेल-चादरीचे कारखानदार, शाळांचे गणवेश शिवणारे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सलनं पाठवणारे, असे माझे गिऱ्हाईक. रस्त्यावरचा हा अख्खा कारभार जसाच्या तसा होमपेजवर कसा चढतो, हे मी रोज बघते, आणि त्याबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. ते सांगण्यासाठी हा लेख.

कामाची बोलणी सुरू झाली की पहिली मागणी ठरलेली: "मॅडम, वर एक मोठा बॅनर पाहिजे." दुसरीही ठरलेली: "हालणारा पाहिजे."

हालणारा म्हणजे स्लायडर. एकाच चौकटीत पाच चित्रं एकामागून एक सरकतात. वेबसाइटच्या तांत्रिक पुस्तकांत त्याची कारणं काहीही दिलेली असोत, माझ्या अनुभवात स्लायडर हा भाऊबंदकीवरचा तोडगा असतो. थोरल्यांचं लक्ष चादरीवर, मधल्यांचं टर्किश टॉवेलवर, धाकट्यांनी नुकतीच बाथरोबची मशीन घेतलेली, वडिलांचा फोटो लावायलाच हवा, आणि ग्रामदैवत तर हवंच. झाले पाच. कुणाला नाही म्हणायचं? मग सगळ्यांना समान वाटा, चार-चार सेकंद. कारखान्याची वाटणी झाली नाही तरी होमपेजची होते.

आता ह्या वाटणीत कुणाच्या पदरात काय पडतं ते बघा. अमेरिकेतल्या नोत्रे डेम विद्यापीठातल्या एका वेब डेव्हलपरनं २०१३ मध्ये स्वतःच्या विद्यापीठाच्या मुख्य पानावरच्या अशा चौकटीचे आकडे जाहीर केले होते. पानावर येणाऱ्यांपैकी साधारण एक टक्का लोक त्या चौकटीतलं काहीतरी दाबत होते. त्या दाबण्यांपैकी ८४ टक्के पहिल्या चित्रावर, उरलेल्या चार चित्रांना प्रत्येकी चारेक टक्के. आपल्या हिशेबात बसवायचं तर दहा हजार माणसं दुकानात आली, शंभरांनी बॅनरला हात लावला, त्यातली ८४ थोरल्यांच्या चादरीकडे गेली आणि धाकट्यांच्या बाथरोबकडे चारजण. विद्यापीठाचं पान आणि टॉवेलचं दुकान एक नव्हे, हे मान्य. पण हे आकडे मी धाकट्या भावांना दाखवते तेव्हा ते एकदम शांत होतात. थोरले म्हणतात, "मग राहू द्या की हालणारा, काय बिघडलं?"

बिघडतं. वाचायला सुरुवात केली की चित्र सरकतं. मराठी वाचायला वेळ लागणारी म्हातारी माणसं असतात, दुसरी भाषा घरात बोलणारी आणि मराठी अडखळत वाचणारी शहराच्या पूर्व भागातली निम्मी गिऱ्हाइकं असतात. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत सरळ लिहिलंय की आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय दिली पाहिजे. आपल्याकडच्या किती स्लायडरना थांबवायचं बटण असतं, ते तुम्हीच बघा.

बॅनरचा भाव एके काळी फार मोठा होता, हेही सांगायला हवं. २७ ऑक्टोबर १९९४ ला 'हॉटवायर्ड' ह्या अमेरिकी संकेतस्थळावर 'एटी अँड टी' ह्या टेलिफोन कंपनीची एक आडवी पट्टी झळकली. ४६८ बाय ६० पिक्सेल, म्हणजे आजच्या मोबाइलच्या मानानं एक चिंधी. ह्याच जागी कधी क्लिक केलंय का, नसेल तर कराल, अशा अर्थाचा मजकूर. बघणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी ती पट्टी दाबली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. नवलाई होती. आज दुसऱ्याच्या पानावर पैसे देऊन लावलेल्या अशा जाहिरातीला शंभरात एकही दाब मिळत नाही.

चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन ह्या दोघांनी एक प्रयोग केला. लोकांना पानावर एक माहिती शोधायला सांगितली. त्या माहितीकडे जाणारा दुवा मुद्दाम मोठ्या, रंगीत, बाकीच्या मजकुरापासून वेगळ्या ठेवलेल्या पट्टीत टाकला. कुणाला दिसणार नाही असं शक्यच नाही, इतका ठळक. आणि लोकांना तोच दिसला नाही. साध्या यादीतले दुवे त्यांनी बरोबर हुडकले, भली मोठी पट्टी मात्र डोळ्यांसमोरून निघून गेली. त्याला त्यांनी बॅनरचं आंधळेपण म्हटलं. मोठं, भडक, चौकटीत असेल ते जाहिरातच असणार, आणि जाहिरात आपल्या कामाची नसणार, असं डोळ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. चार पुतळ्यांपाशी सिग्नलला थांबल्यावर समोरच्या डिजिटलवर कुणाचा वाढदिवस होता, हे सिग्नल सुटल्यावर सांगता येतं का कुणाला?

तर माझं मत असं: बॅनर म्हणजे बातमी. जे आज खरं आहे आणि काही दिवसांनी खरं राहणार नाही, तेच बॅनरवर जावं. ज्याला शेवटची तारीख नाही ते बॅनरवर नको, मग ते कितीही अभिमानाचं असो.

ह्या एका चाळणीतून किती गळतं बघा. 'दर्जा हीच आमची ओळख' गळतं. 'परंपरा तीन पिढ्यांची' गळतं. वडिलांचा फोटो गळतो, आणि इथे भांडण होतं. सोलापुरी चादरीला आणि टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तेही गळतं. हे शेवटचं ऐकून एक कारखानदार माझ्यावर चांगलेच तापले होते, आणि त्यांचा राग मला समजतो. बाहेरच्या यंत्रमागावरची हलकी चादर 'सोलापुरी' म्हणून तीर्थक्षेत्रांच्या गावांत खपवली जाते, ही इथली जुनी जखम आहे. पण म्हणूनच ते मानांकन सरकत्या चित्रात चार सेकंद दाखवायची गोष्ट नाही. ते प्रत्येक चादरीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, कायमचं हवं. गिऱ्हाईक 'खरी की खोटी' हा विचार होमपेजवर नाही, पैसे भरायच्या आधी करतं. वडिलांचा फोटो 'आमच्याविषयी' पानावर, त्यांनी पहिला माग कुठे टाकला त्याच्या गोष्टीसकट. तो तिथे जास्त शोभतो. बॅनरवर त्यांच्या कपाळावरून 'भव्य सवलत' लिहिलेलं असतं.

ह्याचं एक उदाहरण जवळून दाखवते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक मालक लग्नसराईसाठी बॅनर घेऊन आले. घेऊन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून. "दहा बाय चारचं डिजिटल करून घेतलंय कारखान्याच्या गेटवर लावायला. तेच टाका वर." डिजिटलवर डावीकडे तलावातलं सिद्धेश्वराचं मंदिर, उजवीकडे गोलात वडील, मधे टॉवेलच्या थप्प्या. मजकूर असा: 'खास लग्नसराईनिमित्त भव्य सवलत! सोलापूरची शान! १०० टक्के सुती! दर्जा व विश्वास यांचा संगम! एकदा अवश्य भेट द्या!' खाली तीन मोबाइल नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही'.

आपल्या पानावर आलेल्या माणसालाच 'एकदा अवश्य भेट द्या' म्हणायचं, म्हणजे पाहुणा सोफ्यावर बसल्यावर त्याला आमंत्रणपत्रिका देण्यासारखं. मी विचारलं, सवलत किती आहे?

"ते फोनवर सांगतो."

कशावर आहे?

"सगळ्यावरच. माल बघून."

कधीपर्यंत?

"सीझन संपेस्तोवर."

ह्यावर हसू नये. त्यामागे कारण आहे. मालकांचे दोन प्रकारचे गिऱ्हाईक. एक दुकानदार, जो गाठोड्यानं माल उचलतो आणि वर्षानुवर्षं उधारीवर चालतो. दुसरा थेट घरगुती, लग्नात आहेराला टॉवेल-टोपी द्यायची म्हणून शंभर-दोनशे नग मागणारा. पहिल्याचा भाव दुसऱ्याला कळला तर पंचाईत, दुसऱ्याचा पहिल्याला कळला तर त्याहून मोठी. शिवाय पलीकडच्या गाळ्यातला स्पर्धक वेबसाइट रोज उघडून बघतो, हेही त्यांना पक्कं माहीत आहे, कारण ते स्वतः त्याची बघतात. म्हणून बॅनर मोघम. सोलापूरच्या बाजारात आकडा पाटीवर लिहायचा नाही, माणूस बघून तोंडी सांगायचा, ही रीतच आहे, आणि ती खुळचट नाही.

पण आकडा न सांगताही बातमी सांगता येते. आम्ही दोघं तासभर बसलो. आधी गिऱ्हाईक ठरवलं: दुकानदार नाही, लग्नघर. लग्नघराला काय हवं असतं? शंभर टॉवेल एकसारखे, वेळेवर, आणि पोच कधी मिळेल याची खात्री. टॉवेल दहा रुपयांनी महाग पडला तर चालतं, हळदीच्या दिवशी पार्सल इंदापूरला अडकलेलं चालत नाही. शेवटी जे उरलं ते असं:

आहेराचे टॉवेल, १०० नगांपासून कारखान्याच्या भावात.
१० एप्रिलपर्यंत ऑर्डर द्या, अक्षय्य तृतीयेच्या आधी पोच.

खाली एक बटण: 'टॉवेलचे नमुने बघा'. 'येथे क्लिक करा' नाही, कारण क्लिक केल्यावर काय होणार ते त्यात नाही. आणि ते बटण आहेराच्याच टॉवेलच्या पानावर जातं. हे सांगायची गरज पडते, कारण इथल्या बहुतेक बॅनरवरची बटणं 'संपर्क' पानावर जातात आणि काही तर कुठेच जात नाहीत. दिवाळीच्या शुभेच्छांचं अख्ख्या पडद्याएवढं चित्र, त्यावर दाबायला काहीच नाही, आणि माल बघायला त्याच्या खाली दोनदा बोट सरकवायचं, हा तर आमचा लाडका प्रकार.

मालकांनी नवा मजकूर वाचला आणि म्हणाले, "मॅडम, रिकामं दिसूलालंय की ओ." दिसतच होतं. गेटवरच्या डिजिटलपेक्षा ते रिकामंच होतं.

आता ते डिजिटलच जसंच्या तसं वर टाकलं असतं तर काय झालं असतं, हेही बघण्यासारखं आहे. डिजिटल दहा फूट रुंद, म्हणजे १२० इंच. साधारण मोबाइलचा पडदा वेबच्या हिशेबात ३६० पिक्सेल रुंद धरतात. म्हणजे डिजिटलवरच्या एका इंचाला मोबाइलवर तीन पिक्सेल. 'भव्य सवलत' ही सहा इंची अक्षरं १८ पिक्सेलची होतात, कशीबशी वाचता येतात. खालचे मोबाइल नंबर दोन इंची होते, ते सहा पिक्सेलचे होतात. मराठीला तर आणखी मार: रफार, ऱ्हस्व उकार, अनुस्वाराचा ठिपका ही आपली सगळी नक्षी त्या सहा पिक्सेलमध्ये बसवायची. 'सर्व' आणि 'सव' मधला फरक उरत नाही. गेटवर ते डिजिटल तीस फुटांवरून ट्रकवाल्याला वाचता यायला हवं, मोबाइलवर तेच एक वितीवरून, बसमध्ये उभं राहून. दोन्हींना एकच चित्र पुरेल असं मानणं म्हणजे फुकट काम वाचवणं. म्हणून मी संगणकासाठी आडवं आणि मोबाइलसाठी जवळपास चौकोनी, अशी दोन वेगळी चित्रं करते आणि पडद्याच्या रुंदीनुसार ब्राउझर त्यातलं एक उचलतो.

अक्षरं मात्र चित्रात ठेवतच नाही. चित्र मागे, मजकूर त्यावर खराखुरा, टाइप केलेला. डिजिटलवाल्यांकडून मजकूर मागितला की ते कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून उचलून पाठवतात. त्यांच्या जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतात, नसतो, त्यामुळे माझ्या पडद्यावर 'लग्नसराई'च्या जागी रोमन अक्षरांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा भुसा येतो. मग मी तो हातानं पुन्हा टाइप करते. एवढा खटाटोप कशाला, असं नवीन मुलं विचारतात. कारण मजकूर खरा असला की तो मोठा करून वाचता येतो, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला फोन तो वाचून दाखवतो, गुगलला तो सापडतो. आणि इथल्या धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हैदराबादचा किंवा विजापूरचा व्यापारी ब्राउझरमध्ये एक बोट दाबून तो आपल्या भाषेत वाचू शकतो. चित्रातला मराठी मजकूर मराठीच राहतो. ज्या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही पाट्या लागतात, त्या गावच्या वेबसाइटनं हे विसरू नये.

रंगांचं थोडक्यात सांगते. छपाईसाठी चार शाईंच्या हिशेबानं केलेली फाइल वेबवर टाकली की रंग बिघडतात, टॉवेलचा राणी रंग भलताच दिसतो, आणि मग 'फोटोत वेगळा होता' म्हणून माल परत येतो.

वजनाचं जरा जास्त. डिजिटलवाल्याची फाइल सहज पंधरा-वीस एमबीची असते. एका मालकांनी ती स्वतःच चढवली होती आणि मला अभिमानानं सांगितलं की एकदम क्लिअर येतंय. येत होतं, त्यांच्या ऑफिसच्या वायफायवर. मोहोळच्या पुढे एसटीत बसलेल्या माणसाला ते वरून खाली इंचाइंचानं उलगडत गेलं असतं, आणि तोवर माणूस परत व्हॉट्सअ‍ॅपवर. गुगलनं २०२० मध्ये पानाचा अनुभव मोजायचे जे निकष जाहीर केले, त्यांतला एक असा की पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. होमपेजवर हा सर्वांत मोठा घटक कोण? बहुतेक वेळा बॅनरच. म्हणजे पान हळू आहे ही तक्रार असेल तर चोर वरच बसलेला असतो. बॅनरचं चित्र वेबपी ह्या हलक्या फाइल-प्रकारात, दीडशे केबीच्या आत, हा माझा स्वतःचा दंडक. शिवाय पान खाली सरकवल्यावरच चित्रं उतरवायची जी युक्ती असते ती खालच्या चित्रांना लावावी, पहिल्या बॅनरला लावली तर उलट उशीर होतो.

आणि त्याची जागा आधी राखून ठेवावी. नाहीतर पान येतं, गिऱ्हाईक 'ऑर्डर कुठे पोचली' ह्या बटणाकडे बोट नेतं, तेवढ्यात वरून बॅनर टपकतो, सगळं खाली ढकललं जातं आणि बोट पडतं ऑफरवर. गिऱ्हाईक चरफडतं. महिनाअखेरीला मालकांना मी पाठवलेल्या अहवालात तो दाब 'बॅनरला मिळालेला प्रतिसाद' म्हणून मोजला जातो.

खोट्या घाईबद्दल मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. 'ऑफर संपायला फक्त २ तास १४ मिनिटं', आणि पान पुन्हा उघडलं की पुन्हा २ तास १४ मिनिटं. 'फक्त ३ नग शिल्लक', आणि गोदामात छतापर्यंत गाठोडी. मोठमोठ्या शॉपिंग ॲपवर हे बघून इथली तरुण पोरं "तसलं घड्याळ लावून द्या" म्हणून मागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत आणि त्यात ही खोटी घाई पहिल्या क्रमांकावर आहे. कायद्याचं नाव काढलं की पोरं ऐकतात. मालक मंडळींना कायदा सांगावा लागत नाही. 'उद्यापासून भाव वाढणार' असं सांगून परवाही त्याच भावात विकणाऱ्या सूतवाल्याला ते स्वतः काय म्हणतात, ते आठवलं की पुरे. १० एप्रिल ही तारीख आम्ही वर लिहिली ती खरी होती: त्यानंतर आलेली ऑर्डर शिवणीवर नाव घालून वेळेत बाहेर पडत नाही, हे कारखान्यातल्या बायकांनीच सांगितलं होतं.

होमपेजबद्दलचा एक मोठा भ्रम म्हणजे सगळे तिथूनच आत येतात. येत नाहीत. नवं गिऱ्हाईक गुगलवरून किंवा नणंदेनं पाठवलेल्या लिंकवरून थेट एखाद्या टॉवेलच्या पानावर उतरतं, होमपेज त्याच्या बापजन्मी बघत नाही. होमपेजवर येतात ते नाव माहीत असलेले: जुनी गिऱ्हाइकं, आणि पैसे पाठवण्याआधी 'ही पार्टी खरी आहे ना' बघणारा परगावचा व्यापारी. त्याला भडक बॅनर दिसला तर शंकाच येते. त्यामुळे आहेराच्या टॉवेलची बातमी मी होमपेजवर तर ठेवलीच, पण टॉवेलच्या प्रत्येक पानावर किमतीच्या खाली एका ओळीत साध्या अक्षरांत टाकली. ऑर्डरी कुठून आल्या म्हणाल तर बऱ्याचशा त्या ओळीवरून. ही ओळ बॅनर आहे असं मालक अजून मानत नाहीत.

मोजणीचा मोहही आवरावा लागतो. लाल बटण की हिरवं, हा प्रयोग मोठ्या कंपन्यांना परवडतो. आठवड्याला दोनशे माणसं येणाऱ्या पानावर लाल बटणाला पाच दाब आणि हिरव्याला तीन, यातून काहीही सिद्ध होत नाही, नाणं उडवलं असतं तरी एवढा फरक पडला असता. त्यापेक्षा आलेल्या फोनवर 'कुठं बघितलंत?' एवढं विचारून वहीत लिहा, असं मी सांगते. सांगते, पण लिहितं कोण.

आता मी बनवलेल्या प्रत्येक साइटवर बॅनर चढवायच्या खिडकीत दोन तारखा भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही: कधीपासून आणि कधीपर्यंत. शेवटच्या दिवशी रात्री बाराला बॅनर आपोआप जातो आणि खालचा माल वर सरकतो. दुसरं काही आलं नाही तर ती जागा मोकळी राहत नाही, नाहीशीच होते. ह्यावरून मला सर्वांत जास्त फोन येतात. "मॅडम, आपलं वरचं गेलं की!"

सध्या हाच वाद एका गणवेशवाल्यांशी चालू आहे. त्यांचा हंगाम जूनमध्ये शाळा उघडल्या की उतरतो, पण त्यांना 'गणवेश बुकिंग सुरू' हा बॅनर बारा महिने हवाय, कारण कुठल्या ना कुठल्या राज्यात शाळा उघडतच असतात. मुद्दा अगदीच चुकीचा नाही, सोलापूरचा गणवेश देशभर जातो. पण वर्षभर सुरू असलेलं बुकिंग म्हणजे नुसतं दुकान उघडं आहे. मी म्हटलं, त्या जागी मापांचा तक्ता ठेवू, इयत्तेनुसार छाती आणि उंची, कारण शाळांचे लोक फोन करून तेच विचारतात. ते म्हणाले, तक्ता चांगला, पण तो कटिंग मास्तरांच्या वहीत आहे आणि मास्तर ती वही कुणाच्या हातात देत नाहीत. मास्तर पुतणीच्या लग्नाला गावी गेलेत. सोमवारी आले की फोटो काढून घ्यायचा प्रयत्न करणार आहेत म्हणे. तोवर बुकिंग सुरू आहे.